हमी चकलीची

बँकेत मुदत ठेवीची पावती हरवली असं कुणी सांगितलं, की आम्ही लगेच सहानुभूती दाखवत नाही. इंडेम्निटी बाँड पुढे करतो. म्हणजे, तुमची पावती पुढेमागे दुसऱ्या कुणी आणली आणि बँकेला खड्डा पडला, तर तो तुम्ही भरायचा. पेन्शनीत गेलेला म्हातारा अब्जावधींच्या बँकेला बुडण्यापासून वाचवायची हमी देतो आणि वर आमचे आभार मानतो!

या हमीचं मूळ १८७२ च्या करार कायद्यात, १२४ व्या कलमात आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्या कुणाच्याही वागण्याने समोरच्याचं होणारं नुकसान भरून देण्याचं वचन, अशी तिची व्याख्या. 'दुसऱ्या कुणाच्याही' या दोन शब्दांत अख्खं गिरगाव मावतं.

आमच्या शेजारच्या वहिनींना हीच हमी मोबाईलवर भेटली. त्यांच्या भाजणीच्या चकल्या आता एका ऑनलाइन विक्री कंपनीमार्फत गावोगाव जाणार होत्या. करार लांबलचक, आणि शेवटी 'मान्य आहे' असा चौकोन.

"भावोजी, तुम्ही बी. कॉम. ना? टिचकी मारू का?"

मी वाचलं. वहिनींच्या मालावरून कुणी कंपनीवर दावा लावला, तर कंपनीचं, तिच्या संचालकांचं, नोकरांचं नुकसान वकिलाच्या फीसकट वहिनींनी भरायचं. उलट कंपनीमुळे वहिनींचं नुकसान झालं, तर तिची जबाबदारी गेल्या काही महिन्यांच्या कमिशनपुरती. पंगतीत बसायचं पोटभर आणि आहेर करायचा सव्वा रुपया!

"पण आधी त्यांना पैसे भरावे लागतील ना? मग बघू."

तेही नाही. १९४२ साली आपल्याच मुंबई हायकोर्टात गजानन मोरेश्वर परेलकर विरुद्ध मोरेश्वर मदन मंत्री असा खटला झाला. महापालिकेच्या भूखंडावर मंत्र्यांचं बांधकाम, सामानाची उधारी, आणि कागदोपत्री अडकले परेलकर. न्यायमूर्ती छागलांनी सांगितलं, देणं एकदा पक्कं झालं, की ज्याला हमी दिलीय त्याने आधी खिसा रिकामा करायची गरज नाही. हमी देणाऱ्याला 'तू निस्तर' म्हणता येतं.

शिवाय वहिनींचा धंदा एकमालकी. कॉमर्समध्ये शिकवतात, की अशा धंद्यात दुकान आणि घर यांच्यात भिंत नसते. वहिनींच्या बाबतीत तर खोलीही एकच! उद्या भरपाई द्यायची वेळ आली, तर पाटल्यांपर्यंत हात जाणार.

वहिनी गप्प झाल्या. मुलीच्या कॉलेजची फी चकल्यांवरच अवलंबून होती; 'सोडून द्या' म्हणणं मला सोपं होतं, त्यांना नव्हतं. मग आम्ही दोघांनी यादी केली. अन्न परवान्याचा नंबर, घटकपदार्थ आणि तारीख पाकिटावर. शेंगदाण्याचं तेल असेल तर तसं ठळक. प्रत्येक घाण्याची वहीत नोंद. बांधण्याआधी पाकिटाचा फोटो, म्हणजे वाटेत चुरा झाला तर तो कुणाचा, हे दाखवता येईल. आणि मालाच्या जबाबदारीचा विमा मिळतो, त्याच्या हप्त्याची चौकशी.

"एवढं झाल्यावर टिचकी," मी म्हणालो.

वहिनींनी बशी पुढे केली आणि विचारलं, "आणि भावोजी, तुमच्या या सल्ल्याने माझं काही नुकसान झालं तर?"

मी घाईघाईने आख्खी चकली तोंडात घातली. भरल्या तोंडाने हमी देता येत नाही.