कोसळणारी फांदी

आम्ही दोघे एकाच मराठी विभागात शिकवतो आणि पाठाची तयारीही बहुधा एकत्रच करतो. सौंदर्यशास्त्राच्या एका तासासाठी आम्ही वॉल्टन फोर्ड या अमेरिकी चित्रकाराचे २००२ मधील ‘फॉलिंग बाउ’ हे भव्य जलरंगचित्र निवडले होते. एक प्रचंड फांदी आभाळातून कोसळते आहे आणि तिच्यावर पॅसेंजर पिजन जातीच्या कबुतरांची दाटी झाली आहे. धाटणी ‘बर्ड्स ऑफ अमेरिका’ (१८२७–१८३८) या ग्रंथातील ऑड्युबॉनच्या पक्षिचित्रांची. रचना, लय, तपशिलांतील निष्ठा अशा परिचित परिभाषेत आम्ही बोलत राहिलो.

मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ही पाखरं आपल्याच पिल्लांच्या जिवावर का उठलीयत?”

आम्ही पडद्याजवळ गेलो. खरेच होते. त्या देखण्या गर्दीत दुष्टपणाचे अनेक प्रकार चालले होते. आम्ही ते पाहिलेच नव्हते.

एकोणिसाव्या शतकात उत्तर अमेरिकेत हे पक्षी अब्जावधींच्या संख्येने होते. बाजारासाठी त्यांची बेसुमार हत्या झाली, जंगले तुटली. मार्था नावाची शेवटची मादी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. फोर्ड मात्र हे पक्षी असे रंगवतो, की जणू ते आपल्याच पापाने नष्ट झाले. हे पक्ष्यांचे चित्र नव्हे. मारणाऱ्याने स्वतःची समजूत घालण्यासाठी रचलेल्या कथेचे चित्र आहे. त्यासाठी ऑड्युबॉनची शैली घेण्यातही मर्म आहे. तो पक्षी मारून, तारांनी हव्या त्या पवित्र्यात बसवून चितारत असे; गुलामांची खरेदी-विक्रीही त्याने केली होती.

फोर्डच्या चित्रसंग्रहाचे नाव ‘पंचतंत्र’ आहे. परंतु आपल्या पंचतंत्रातले प्राणी बोलतात, राजनीती सांगतात. फोर्डचे प्राणी मुके आहेत. माणसांनी त्यांच्याविषयी जे सांगितले, त्यात ते अडकून पडले आहेत.

हे सारे आम्ही वर्गात समजावून सांगितले आणि समाधानाने बाहेर पडलो. स्टाफरूममध्ये हजेरीपट उघडला तेव्हा एका नावावर नजर थांबली. महिन्यापूर्वी एक मुलगा अभ्यासक्रम अर्धवट सोडून गेला होता. “त्याला वाङ्मयाची गोडीच नव्हती,” असे आम्ही दोघांनी चहा पिताना ठरवून टाकले होते. फी भरली होती का, गावाहून येणारी एस.टी. वेळेवर मिळत होती का, घरी काय घडले होते, यांपैकी काहीही आम्ही विचारले नव्हते. कोसळत्या फांदीवर आम्हीही एक पाखरू रंगवले होते, आणि दोष त्याच्याच चोचीत ठेवला होता.

त्या संध्याकाळी आम्ही त्याला फोन लावला. बोलणे त्याच्यावर सोपवले आणि आम्ही ऐकत राहिलो.