घटी, बांगाल आणि फुटबॉल

बोली माणसाची ओळख सांगते, हे विधान तुम्ही या अभ्यासक्रमात एव्हाना अनेकदा वाचले असेल. मला या विधानापुढचा एक प्रश्न गेली कित्येक वर्षे पडत आला आहे. बोलणाऱ्याच्या तोंडून बोली नाहीशी झाली, तर त्या ओळखीचे काय होते? याचे सर्वांत बोलके उदाहरण मला कोलकात्यात, फुटबॉलच्या संदर्भात आढळले. तुम्हाला या खेळात रस नसला, तरी थोडा वेळ माझ्यासोबत तेथे चला.

मोहन बागान हा क्लब १८८९ साली उत्तर कलकत्त्यात स्थापन झाला. २९ जुलै १९११ रोजी त्याने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आयएफए शील्ड जिंकली. एका खेळाडूचा अपवाद वगळता सारा संघ अनवाणी खेळला आणि समोर बूट घातलेले गोरे सैनिक होते. या विजयाचा अर्थ त्या काळच्या बंगालने कसा लावला असेल, हे वेगळे सांगायला नको. आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट मात्र निराळी आहे. त्या संघातील बरेचसे खेळाडू मूळचे पूर्व बंगालचे होते. पूर्वेकडचा माणूस तेव्हा मोहन बागानचा असू शकत होता.

१९२० च्या जुलैअखेरीस जोडाबागान क्लबाने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यातून शैलेश बोस या खेळाडूला वगळले. त्याच्या निषेधार्थ क्लबाचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी बाहेर पडले आणि १ ऑगस्ट रोजी ईस्ट बंगाल क्लब उभा राहिला. बोस पूर्वेकडचे, म्हणून त्यांना डावलले, असे ईस्ट बंगालची मंडळी आजही सांगतात. २८ मे १९२५ रोजी हे दोन क्लब लीग सामन्यात प्रथम समोरासमोर आले आणि नेपाल चक्रवर्ती यांच्या गोलाने ईस्ट बंगाल जिंकला.

तरीही येथवर ही दोन क्लबांमधलीच चुरस होती. तिला घरादाराचे वजन आले ते १९४७ च्या फाळणीने. पूर्वेकडून आलेल्या निर्वासितांनी जादवपूर, विजयगड या परिसरात वसाहती वसवल्या. त्यांनी मागे टाकलेला प्रदेश पुढे पूर्व पाकिस्तान झाला, मग बांगलादेश. नकाशावरून पुसले गेलेले त्याचे जुने नाव एका फुटबॉल क्लबाच्या पाटीवर टिकून राहिले.

नव्या शहरात या लोकांना पहिल्यांदा उघडे पाडले ते त्यांच्या बोलण्याने. पश्चिम बंगालचे मूळ रहिवासी ते ‘घटी’ आणि पूर्वेकडून आलेले ते ‘बांगाल’. घटी ‘आमि जाबो’ म्हणणार, बांगाल ‘आमि जामु’. घटीच्या ‘चाँद’मधला अनुनासिक स्वर बांगालच्या तोंडी सपाट होऊन ‘चाद’ होतो. शब्दारंभीच्या ‘श’चा ‘ह’ होतो, त्यामुळे ‘शाला’ हा मेहुणा (आणि ती सुपरिचित शिवीही) ‘हाला’ बनतो. ‘च’चा भेद तर आपल्याला चटकन कळावा असा आहे. घटीचा ‘च’ आपल्या ‘चहा’तला, बांगालचा आपल्या ‘चाक’मधला. मराठीत हे दोन्ही उच्चार एकाच माणसाच्या तोंडी गुण्यागोविंदाने नांदतात. कोलकात्यात मात्र त्यांवरून माणसाचा जिल्हा ठरत असे, आणि पुष्कळदा त्याची पायरीही.

ढाक्याकडचे नट भानू बंद्योपाध्याय यांनी ही बोली चित्रपटात आणली. प्रेक्षकांनी ती डोक्यावर घेतली, पण घेतली ती हसण्यासाठी. आपल्याकडे मालवणी आणि वऱ्हाडी यांना रंगभूमीवर जो मान मिळाला, तोही बराचसा विनोदाच्या दारातून मिळाला, हे तुम्ही ताडून पाहा. हसू प्रेमाचे असले, तरी ज्याच्या बोलण्यावर सभागृह हसते, तो दुसऱ्या दिवशी कचेरीत तोंड उघडताना थबकतो. मैदानावर मात्र थबकण्याचे कारण नव्हते. हजारोंच्या गर्दीत ‘ह’ मोठ्याने उच्चारता येत होता.

काही वर्षांपूर्वी कोलकात्याच्या एका चर्चासत्रात भोजनाच्या वेळी माझ्या शेजारी एक तरुण अध्यापिका बसल्या होत्या. त्यांचे बांगला बोलणे काटेकोर प्रमाण होते. ‘जामु’चा मागमूसही नव्हता. पानात कोळंबी आली तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “ही घटींची. मी बांगाल, मला इलिश हवा.” इलिश म्हणजे हिलसा मासा. तो ईस्ट बंगालचा आणि कोळंबी मोहन बागानची, अशी तेथे वाटणी आहे. जो क्लब जिंकेल त्याचा मासा त्या दिवशी बाजारात भाव खातो. आजीची बोली तुम्ही बोलता का, असे मी विचारले. समजते, पण बोलता येत नाही, असे त्यांनी सांगितले. शाळेत जाऊ लागल्यावर वडिलांनीच ती घरात बंद केली होती. सामन्याच्या दिवशी मात्र वडील लाल-सोनेरी रंगांवाचून घराबाहेर पडत नसत.

या निष्ठेला केवळ खमंग मानू नये. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर या दोन क्लबांच्या सामन्यात दंगल उसळली आणि सोळा प्रेक्षकांचा मृत्यू झाला. फुटबॉल ही अस्मितेची निरुपद्रवी जागा आहे, असे म्हणणाऱ्या अभ्यासकांशी मी म्हणूनच सहमत होऊ शकत नाही. १३ जुलै १९९७ च्या फेडरेशन कप उपांत्य सामन्याला सॉल्ट लेक स्टेडियममध्ये सुमारे १ लाख ३१ हजार माणसे होती. बायचुंग भुतियाने तीन गोल केले, ईस्ट बंगाल ४-१ ने जिंकला. बायचुंग सिक्कीमचा, बंगालचा नव्हेच. मैदानातल्या खेळाडूंचा प्रदेशाशी संबंध केव्हाच सुटला होता. तो प्रेक्षकांनी आपल्यापाशी ठेवून घेतला होता.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी पुस्तकातील मराठीहून वेगळी मराठी बोलली जाते. महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आलेली मुले दोन-तीन महिन्यांत ‘व्हतं’चे ‘होतं’ करताना मी दरवर्षी पाहतो. त्यांना तसे करायला कोणी सांगत नाही. त्या मुलांपाशी पुढे काय उरते, कोणता मासा, कोणता रंग, हे मी अजून शोधतो आहे. बोली जपा, असा उपदेश मी करणार नाही. ज्याला त्या बोलीपायी नोकरीच्या मुलाखतीत हसू सोसावे लागते, त्याला तो उपदेश करणे फार सोपे असते.

जानेवारी २०२० मध्ये नागरिकत्वाच्या कागदपत्रांवरून देशभर वाद चालू असताना या दोन क्लबांचा सामना झाला. ईस्ट बंगालच्या प्रेक्षकांनी स्टँडमध्ये एक प्रचंड फलक उलगडला. ही माती आम्ही रक्त देऊन घेतली आहे, कागद देऊन नव्हे, असा त्याचा आशय होता. बांगाल अस्मितेचा इतका थेट उद्गार मी दुसरा पाहिलेला नाही. त्यातील ‘देऊन’साठी ‘दिये’ असे रूप होते. ‘दिये’ हे कोलकात्याच्या प्रमाण बोलण्यातले. फलक धरणाऱ्यांचे आजोबा ‘दिया’ म्हणाले असते.