‘स्वच्छ’ यीस्टचा आग्रह मी सोडला

मी इंग्लंडमध्ये राहतो. इथे घरी बिअर करायला 1963 पासून परवाना लागत नाही. घरची एल करायची तर अमेरिकन ‘यूएस-05’ यीस्टनंच, असं माझं ठाम मत होतं. कॅलिफोर्नियातल्या चिको गावच्या सिएरा नेवाडा ब्रुअरीमुळे नावारूपाला आलेल्या वाणाच्या कुळातलं हे यीस्ट. ते स्वतःचा वास फारसा मागे ठेवत नाही, त्यामुळे कॅस्केड हॉप्सचा पपनसाचा दरवळ नितळ कळतो. यीस्टनं साखरेचं अल्कोहोल करून बाजूला व्हावं, चवीचं काम माल्ट आणि हॉप्सवर सोडावं, अशी माझी धारणा होती. फळाचा वास येणारी एल मला बिघडलेलीच वाटे.

हे मत बदललं ते एकच वर्ट, म्हणजे आंबवण्याआधीचा माल्टचा गोड काढा, दोन भांड्यांत निम्मा-निम्मा ओतल्यावर. एकात यूएस-05, दुसऱ्यात इंग्लिश ‘एस-04’; तापमान दोन्हींचं 19 अंश. एस-04 लवकर आटोपून तळाशी घट्ट बसलं. यूएस-05 बराच काळ तरंगत राहिलं आणि त्याची बिअर जास्त कोरडी झाली. एस-04च्या ग्लासात माल्टची गोडी भरीव होती आणि मागून फळाचा हलका वास येत होता. तो वास एस्टरचा. ही द्रव्यं यीस्ट स्वतःच तयार करतं. कोणती आणि किती, हे वाणावर आणि तापमानावर ठरतं. इंग्लिश बिटरचा भारदस्तपणा बराचसा त्यांच्यातूनच येतो, हे मला त्या ग्लासानं पटवलं.

उरलीसुरली शंका एका संशोधनानं फेडली. 2016 साली बेल्जियममधल्या लूवेन आणि गेंटच्या संशोधकांनी यीस्टच्या 157 वाणांचे जनुकसंच वाचून निष्कर्ष मांडले. लवंगेसारखा वास घडवणारी पीएडी1 आणि एफडीसी1 ही जनुकं बिअरच्या बहुतेक वाणांत निकामी झालेली निघाली. जर्मन गव्हाच्या बिअरच्या यीस्टमध्ये ती शाबूत आहेत, कारण तिथे तो वास हवाच असतो. म्हणजे ज्याला मी यीस्टची तटस्थता समजत होतो, तीही ब्रुअरांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणलेली आवड आहे.

यूएस-05 मी आजही वापरतो. हॉप्स पुढे आणायचे असतील तर ते उत्तमच. पण आता माझी कृती यीस्टपासून सुरू होते, माल्ट आणि हॉप्स त्यानंतर ठरतात. घरी एल करणाऱ्यांना एवढीच विनंती: पाकिटावरचं वर्णन वाचून मत बनवू नका. वर्ट एकच घ्या, तापमान सारखं ठेवा, यीस्ट तेवढं बदला, आणि चाखून ठरवा.