सोयऱ्यांचा अनोळखी मुलूख
पुण्याकडचे एखादे कुटुंब परभणीहून गंगाखेडच्या दिशेने गाडीने निघते, तेव्हा मुलखाचा पालट माणसांआधी चाकांना कळतो. कारण येथील काळी जमीन, म्हणजे बेसाल्ट खडक झिजून बनलेली चिकणमाती, पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढी भेगाळते आणि तिच्यावरचा रस्ता जागोजागी वरखाली करून टाकते. वाटेत पोखर्णीला नृसिंहाचे जुने मंदिर आहे. हा नृसिंह अनेक घराण्यांचे कुलदैवत, म्हणजे पिढीजात उपास्य, असल्याने सोयऱ्यांकडे, अर्थात लग्नसंबंधाने जोडलेल्या आप्तांकडे, निघालेली मंडळी दर्शनावाचून सहसा पुढे सरकत नाहीत, आणि परभणी-परळी लोहमार्गावरील स्थानकाच्या नावातही गावाला देव जोडलेलाच आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता, पश्चिम महाराष्ट्राच्या कारभारापासून वेगळा राहिला; तो दुरावा बोलीतही उरला आहे. ओसरीवरून ‘कवा आलाव?’ असा प्रश्न येतो, शहरातली मुले आईकडे पाहतात, आणि उत्तर जुळेपर्यंत ताटात तव्यावरची ज्वारीची भाकरी पडलेली असते.