चढउताराचं आमचं रत्नागिरी

रत्नागिरीत सपाट वाट हवी असेल तर समुद्रावरच जावं लागतं. बाकी सगळा चढ, नाहीतर उतार. लग्न होऊन इथं आले तेव्हा माझ्या देशावरच्या पायांना हे काही मानवेना. सासरचं घर शहराबाहेर, एका वाडीत. रस्त्यापासून घरापर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी. पहिल्या वर्षी मी ती चढताना मध्ये दोनदा थांबत असे, आणि सासूबाई डोक्यावर नारळांची पाटी घेऊन माझ्या पुढून निघून जात.

"अगो, दम खा. घर काही पळून जात नाही," असं वर म्हणत!

पुढे ह्यांची नोकरी, मुलांच्या शाळा, माझं अर्धवेळ शिकवणं, या सगळ्यासाठी आम्ही शहरात तिसऱ्या मजल्यावर ब्लॉक घेतला. मामंजी गेल्यावर आईंनाही इकडे आणलं. वय बहात्तर. "पुष्कळ कष्ट झाले, आता आरामात बसा," असं आम्ही दोघांनी त्यांना बजावलं. घरात नळ, गॅस, मिक्सर, भांड्यांना बाई, जायला-यायला लिफ्ट. आई भाजी निवडायला बसल्या की मी ताट त्यांच्या हातातून काढून घेई. त्यांची विळी तर वाडीतल्या घरीच राहिली होती. इथं ओट्यावर उभं राहून सुरीनं चिरायचं. "सून हातावर झेलते हो!" असं नातेवाईक म्हणत, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडत असे.

आठ महिन्यांत आईंना खुर्चीतून उठायला हात द्यावा लागू लागला. एकदा न्हाणीघरातून बाहेर येताना तोल गेला. दाराची चौकट हाताशी आली म्हणून बचावल्या. घाबरून आम्ही डॉक्टरांकडे नेलं. रक्त, हाडं, सांधे, सगळं तपासून झाल्यावर ते म्हणाले, "सांधे वयाच्या मानानं बरे आहेत. पायांतली ताकद गेली आहे. घरात तुम्ही यांना काय काय करू देता?"

मला उत्तर सुचेना.

परत येताना आई रिक्षात म्हणाल्या, "तुम्ही दोघांनी माझा थिबा राजा करून ठेवलात." आम्ही हसलो, पण ते मनाला लागलं. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केलं आणि १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१० साली त्याच्यासाठी मोठा वाडा बांधून झाला, आणि १९१६ साली तो इथंच वारला. आजही लोक हौसेनं थिबा पॅलेस बघायला येतात. पण राजवाडा असला तरी ती कैदच होती ना? आईंना आम्ही तीच दिली होती, आणि तीही प्रेमानं.

त्या रात्री वाडीतलं घर आठवत बसले. बावीवरचा रहाट, पाण्याच्या कळश्या, मागीलदारचं आगर, दिवसातून चार वेळा पाखाडी. जेवणं पाटावर, चिरणं विळीवर. म्हणजे उठबस किती झाली याला हिशेबच नाही. व्यायाम हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं. अर्थात ते दिवस सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही. बाळंतपणाच्या महिन्यापर्यंत पाणी वाहून कंबर गेलेल्या बायका त्याच वाडीत आहेत. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीच्या पाट्या वाहणाऱ्या बाईला विचारा, ती गुडघेच दाखवील. कष्टात किती आणि कधी थांबायचं हे आपल्या हातात नसतं. पण कष्ट नकोत म्हणून आम्ही हालचालच काढून टाकली, ही आमची चूक.

शरीराला चढ लागतो हे शास्त्रानंही पाहिलंय. डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या माणसांचा अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. बस तीच, रस्ता तोच! आणि ते 'दहा हजार पावलं' म्हणून जे आपण ऐकतो ना, तो आकडा १९६५ साली जपानात निघालेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय. २०१९ साली अमेरिकेतल्या सोळा हजारांवर स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांचं सरासरी वय होतं बहात्तर, म्हणजे आमच्या आईंचंच. रोज सुमारे २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांमध्ये पुढच्या सुमारे चार वर्षांत मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळलं, आणि ७५०० नंतर फायदा फारसा वाढला नाही. हे वाचून मला केवढा धीर आला! दहा हजार म्हटलं असतं तर आई पहिल्या दिवशीच खाली बसल्या असत्या.

आम्ही सुरुवात खुर्चीपासून केली. हात न टेकता उठायचं, बसायचं; आधी पाच वेळा, मग दहा. ओटा धरून एका पायावर उभं राहायचं, कारण तोलालाही सराव लागतो. जिना उतरताना पायांनी, चढताना लिफ्टनं. भाजीचं ताट मी परत त्यांच्यापुढे ठेवलं. पहिले दिवस त्या कुरकुरल्या. "आता म्हातारपणी कवायत?" म्हणून शेजारणींना सांगत सुटल्या.

महिन्याभरानं संध्याकाळी मांडवीला जाऊ लागलो. वाटेत टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर दाखवून मी आईंना सांगितलं, की टिळकांनी कॉलेजातलं पहिलं वर्ष तालीम आणि पोहणं यातच घातलं होतं. आपल्याच जिल्ह्यातले महर्षी कर्वे तर परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला शंभरावर मैल पायी गेले. वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही, आणि पुढे तेच १०४ वर्षं जगले! आई म्हणाल्या, "पुरुष चालले की लिहून ठेवतात. मी बावीवरून किती चालले असेन गो?" यालाही माझ्याकडे उत्तर नव्हतं.

भाट्याची चौपाटी मात्र त्यांना मनापासून आवडली. पूल ओलांडला की सुरूचं बन, आणि ओहोटीला ओली वाळू अशी घट्ट, की पाऊल रुतत नाही. भरतीच्या वेळी मात्र वरच्या भुसभुशीत वाळूत म्हाताऱ्या माणसाला नेऊ नये, घोटा मुरगळतो. पंचांगात तिथी बघून आईच आता ओहोटीची वेळ सांगतात. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, तेव्हा बाहेर पडायचं नाही. इमारतीच्या व्हरांड्यातच फेऱ्या.

माझंही पितळ उघडं पडायचं होतं. शाळेत उभी, घरी उभी, मला वेगळा व्यायाम कशाला, असं मी समजत होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं पण गाता येत नाही इतपत दम लागणं. ओट्यापाशी तर मी चांगली गुणगुणत असते!

जानेवारीतल्या एका सकाळी, डॉक्टरांना विचारून, रत्नदुर्गावर गेलो. तीन बाजूंना समुद्र, आणि बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ. गाडी जाते तिथवर गाडीनं, पुढे पायऱ्या. आई कठड्याला हात लावत एकेक पायरी चढत होत्या, घाई नाही. मी भराभर पुढे गेले आणि निम्म्यात धापा टाकत थांबले. आई मागून आल्या, शेजारी उभ्या राहिल्या.

"दम खा," म्हणाल्या. पुढचं वाक्य दोघींनाही आठवलं आणि हसू आवरेना.

देवीचं दर्शन घेऊन तटाशी बसलो. खाली मिरकरवाड्याच्या होड्या परतत होत्या. आई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात वाडीवर जाऊ. पाखाडी सावकाश चढेन मी. आणि येताना माझी विळी घेऊन येऊ. तुझ्या त्या सुरीनं मला फणसाची भाजी चिरता येत नाही."