अलीकडचा काठ

आफ्रिका म्हटलं की ऊन, अशी आपली पक्की समजूत. त्यामुळे सामान भरताना सुती कपडे, गॉगल आणि सनस्क्रीनचीच गर्दी होते, आणि मसाई मारातल्या पहिल्या पहाटे सगळी मंडळी कुडकुडत लँड क्रूझरमध्ये चढतात. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंचावर आहे. जुलै-ऑगस्टात पहाटेचा वारा तिथे चांगलाच झोंबतो, आणि गाडीचं छप्पर वर उचललेलं असल्यामुळे तो थेट कानात शिरतो. आमच्या गाडीतल्या नाशिकच्या काकू तेवढ्या शहाण्या निघाल्या. त्यांनी पर्समधून दोन कानटोप्या काढल्या, एक स्वतः घातली, दुसरी काकांच्या डोक्यावर चढवली, "राहू द्या, इथे कोण बघतंय तुम्हाला," म्हणाल्या आणि दुर्बीण डोळ्यांना लावली.

विषुववृत्त जवळ असल्यामुळे इथे झुंजुमुंजू, तांबडं फुटणं असला लांबलचक सोहळा नाही. साडेसहाच्या सुमारास भराभर उजाडतं, आणि उजाडल्यावर दिसतं ते गवत. नजर पोचेल तिथवर गवत, कमरेइतकं, पिकत आलेलं, वाऱ्याची प्रत्येक झुळूक अंगावर दाखवणारं. मधूनच एखादं एकटं झाड. त्याची खालची फांदी न् फांदी एका रेषेत कापल्यासारखी, कारण जिराफाची मान जिथवर पोचते तिथवरचा पाला शिल्लक राहत नाही. कॅलेंडरांवर सूर्यास्तासमोर उभं असतं ते हे झाड बाभळीचंच असणार असं मी धरून चालले होते. पण माराच्या मोकळ्या माळावरची एकांडी झाडं बहुतेक करून आपल्या हिंगणबेटाची भावंडं निघाली. ज्या फळाने आमच्या आजीच्या पिढीने रेशमी लुगडी धुतली, त्याच्या गोतावळ्यातल्या झाडाखाली इथे सिंह दुपार काढतात.

ताडोब्याची किंवा पेंचची सवय असलेल्या माणसाला मारात पहिले काही तास चुकल्यासारखं होतं. आपलं जंगल लपवतं. वाघ दिसण्याआधी त्याची वर्दी येते. वानर खकारतं, चितळ ओरडतं, गाइड हात वर करून "कॉल आहे" म्हणतो, जिप्सीचं इंजिन बंद होतं, आणि मग अर्धा तास सगळे बांबूच्या एका बेटाकडे डोळे लावून बसतात. बऱ्याचदा वाघ येतच नाही, पण अर्धा तास सार्थकी लागलेला असतो. मारात असलं काही नाही. हत्तींचा कळप दोन किलोमीटरवरून दिसतो. वारुळावर चढून पहारा देणारा टोपी नावाचा कुरंग, शेपटी ताठ उभी करून पळणारी रानडुकरांची पिल्लावळ, झेब्रे, गॅझेल, सगळं एकाच वेळी, उघड्यावर. इथे कानांना काम नाही. ड्रायव्हरच्या रेडिओवर स्वाहिली बोलणं चाललेलं असतं, त्यातलं "सिंबा" तेवढं आपल्याला कळतं, आणि ज्या दिशेला इतर गाड्यांची धूळ उठली आहे त्या दिशेला आपलीही गाडी वळते.

असंच एकदा वळलो. सिंहिणींनी पहाटे शिकार केली होती आणि पोटं भरून त्या उन्हात पसरल्या होत्या. दहा वाजेपर्यंत थंडी पार विसरायला लावणारं ऊन झालं होतं. त्यांतली एक उठली, जांभई देत आमच्याकडे चालत आली, पुढच्या चाकापाशी गाडीची हातभर सावली पडली होती तिथे थांबली आणि धपकन अंग टाकून मोकळी झाली. मी छपरातून वाकून सरळ खाली बघत होते. एक कान कधीतरी फाटून तसाच भरून आलेला. दुसऱ्या कानाच्या आत टम्म फुगलेल्या गोचिडांची रांग. डोळ्यांच्या कोपऱ्यांत माश्या. मिशांच्या मुळाशी काळे ठिपके, ओळीत टिपून ठेवल्यासारखे. पंजांवरचा चिखल सुकून त्याला भेगा गेलेल्या, आणि नाकावर एक जुना, गुळगुळीत झालेला ओरखडा. पोट भरलं की धाप लागते ती माणसालाच असं नाही, तिचीही बरगडी भराभर वरखाली होत होती. मधूनच शेपटीचा गोंडा चाकाच्या पत्र्यावर आपटायचा, टप्. काकूंनी त्या शांततेत भडंगाची पिशवी उघडली. त्या खुळखुळाटाने फाटका कान आमच्या बाजूला वळला, पुन्हा जागेवर गेला. डोळा उघडला नाही.

ती चाकाला खेटून झोपल्यामुळे आम्हाला गाडी हलवता येईना. ड्रायव्हरने "पोले पोले" म्हणत टोपी तोंडावर ओढली. सबुरीनं घ्या.

मला त्या वेळी जे वाटलं त्याला भीती म्हणता येणार नाही. प्रवासाची ऑनलाइन परवानगी काढून, पिवळ्या तापाची लस टोचून घेऊन, मोसमात माणशी दिवसाला २०० डॉलर नुसतं प्रवेशशुल्क भरून आम्ही इथवर आलो, आणि ज्यांच्यासाठी आलो त्यांच्या लेखी आमची किंमत हातभर सावलीइतकी. गावाकडे, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत आपली कुणी दखल घेतली नाही तर आपण दिवसदिवस मनात ठेवतो. इथे दखल न घेतली जाणं इतकं सुखाचं का वाटावं? आपण तिथे असून नसल्यासारखे आहोत, आपल्या येण्याने कुणाचं काही अडलेलं नाही, बिघडलेलं नाही, ही कल्पनाच किती हलकं करणारी आहे. सफारीहून परतलेली माणसं "काय काय दिसलं" ते सांगतात. खरं सुख, मला वाटतं, आपण कुणाला दिसलो नाही याचं असतं.

याच केनियातल्या सिंहांनी एकदा भारतीयांची पुरेपूर दखल घेतली होती, तेही सांगायला हवं. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत इंग्रजांनी रेल्वे टाकली, तिच्यासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे ३२,००० मजूर नेले, आणि त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. १८९८ मध्ये त्सावो नदीवर पूल बांधला जात असताना दोन बिनआयाळीचे सिंह महिनोन् महिने रात्री तंबूंतून माणसं ओढून नेत होते. पॅटर्सन या इंजिनिअरने डिसेंबरात दोघांना गोळ्या घातल्या. ते आता शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये भुसा भरून उभे आहेत. बळी किती? पॅटर्सनने पुढे १३५ चा आकडा सांगितला. २००९ मध्ये त्या सिंहांच्या केसांची आणि हाडांची रासायनिक तपासणी झाली, तेव्हा अंदाज पस्तिसाच्या आसपास आला. इतकी तफावत पडायला जागा राहिली याचं एक कारण साधं आहे. मेलेल्या आफ्रिकी मजुरांची नोंदच कुणी ठेवली नव्हती. नैरोबीहून माराकडे आरामात जाताना हे आठवलं की घास जरा अडतो, आणि मग पुढच्या वळणावर रिफ्ट व्हॅलीचा कडा दिसला की माणूस पुन्हा फोटो काढायला उतरतो. मीही उतरले.

चित्त्याचं आणि आपलं नातं निराळं. कोल्हापूर संस्थानात चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवण्याचा शौक होता, आणि देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते चक्क आफ्रिकेतून आणवले गेले. डोळ्यांवर झापड बांधलेला, खटाऱ्यातून माळावर नेला जाणारा चित्ता कोल्हापूरच्या जुन्या छायाचित्रांत दिसतो. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते कुनोत आले, म्हणजे आफ्रिकेतून चित्ते आणण्याची आपली ही पहिली वेळ नव्हे.

मारातला चित्ता टेहळणीसाठी वारुळावर चढतो. वारूळ नसेल तर काही चित्ते सफारीच्या गाडीवर चढतात, टपावर ऐटीत बसतात, आणि आतले प्रवासी हर्षाने रडायचे तेवढे बाकी राहतात. आम्हाला तो मान मिळाला नाही. एक मादी मात्र भेटली, गवतात, तीन बछड्यांसह. तिच्या भोवती गाड्या जमल्या. एका वेळी पाचच असा नियम आहे. त्या दिवशी त्याहून बऱ्याच होत्या, आणि आमची त्यांतलीच एक. तिचं लक्ष लांबवरच्या गॅझेलवर होतं. ती चार पावलं पुढे जायची, की दोन गाड्या तिच्या पुढे. ती बसायची. पुन्हा उठायची. शेवटी गॅझेलच निघून गेलं.

"बघा, कशी शांत आहे, आपल्याकडे बघतसुद्धा नाही," मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं. मघाशी मीच हेच म्हणत होते. पण फेम्के ब्रुकहाउस या संशोधिकेने मारातल्याच चित्त्यांचा अभ्यास करून २०१८ मध्ये जे छापलं ते मला ठाऊक होतं. जिथे पर्यटकांची वर्दळ फार तिथे चित्त्याच्या मादीची एका वेतातली सरासरी ०.२ पिल्लं स्वतंत्र होण्याइतकी मोठी होतात. जिथे वर्दळ कमी, तिथे २.३. म्हणजे तिने दखल घेतलेली असते. ती दाखवत नाही इतकंच. शिकार हुकते, पिल्लांना दूध कमी पडत असावं, गाड्यांमुळे तरसालाही तिचा पत्ता लागत असावा. माझं ते हलकं होणं तिथे जरा जड झालं. ड्रायव्हरला गाडी मागे घ्यायला सांगितली तेव्हा आमच्यातच दोन तट पडले, आणि खरं सांगायचं तर मागे घेतलेल्या आमच्या जागेवर मिनिटभरात दुसरी व्हॅन आली.

मग नदी. मारा नदीच्या काठी विल्डबीस्टची वाट बघत बसणं हा या प्रवासाचा गाभा म्हणायचा. प्राणी तसा बेढब, पुढून बैल, मागून घोडा, दाढी बोकडाची. सेरेंगेटीच्या दक्षिणेला जानेवारी ते मार्चमध्ये त्यांची पाडसं जन्मतात, मग पावसामागून सगळे उत्तरेला निघतात, बारा-तेरा लाख, आणि जुलैपासून माराच्या काठांवर येऊन थबकतात. आपण ऐकून असतो की हे युगानुयुगं चालत आलं आहे. चाल जुनीच आहे. गर्दी मात्र आत्ताची. १८८० च्या दशकाअखेर आफ्रिकेत बुळकांडी ही गुरांची साथ शिरली. बाहेरून आणलेल्या गुरांबरोबर, बहुधा हिंदुस्थानातल्या, असं म्हणतात. तिने मसाईंची गुरं संपवली, माणसं उपाशी मारली, आणि हे कळपही पार खलास केले. पुढे वॉल्टर प्लाउराइट यांनी केनियात चांगली लस तयार केली, गुरांना ती टोचली गेली, आणि जंगलातल्या एकाही विल्डबीस्टला सुई न लावता त्यांच्यातलाही रोग गेला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जेमतेम अडीच लाख उरलेले हे प्राणी १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेरा लाखांवर पोचले. जगातला सर्वांत मोठा म्हणतात तो हा देखावा म्हणजे एका अर्थी गोठ्यातल्या लसीकरणाचं फळ आहे. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना बुळकांडी आठवते. इथे बसून ती आठवेल असं वाटलं नव्हतं.

अलीकडच्या काठावर कळप उभा. गाड्या झुडपांआड लांब उभ्या, कारण पहिली जनावरं पाण्यात उतरेपर्यंत पुढे जायचं नाही. एक झेब्रा उतरला, पाणी प्यायला, मान वर करून पलीकडे बघितलं, आणि मागे फिरला. त्याच्या मागे हजार मागे फिरले. तासाभराने पुन्हा सगळे काठावर. धूळ, कण्हल्यासारखं अखंड हुंकारणं, पाणघोड्यांचा उग्र वास. बायकांपुढचा खरा प्रश्न वेगळाच असतो, म्हणून सकाळपासून सगळ्या पाणी बेतानं पीत असतात. शेवटी ड्रायव्हर झुडूप तपासून येतो आणि तोंड फिरवून उभा राहतो. ब्रोशरमध्ये हे नसतं.

दुपार कलता कलता एकाने उडी टाकली. का, ते त्यालाच ठाऊक. मग काठच कोसळल्यासारखा झाला. त्याच क्षणी सगळ्या गाड्यांची इंजिनं सुरू झाली आणि माणसांचीही झुंड सुटली. पाण्यात नुसती शिंगं आणि वटारलेले डोळे. मगरींनी एकाला धरलं, ते सगळ्यांनी टिपलं. मरतात ते मात्र बहुतेक बुडून आणि चेंगरून. वर्षाला सरासरी सव्वासहा हजार, अकराशे टन मांस. मगरींच्या तोंडी त्यातलं अगदी थोडं लागतं. बाकीचं गिधाडं, मासे, आणि सात सात वर्षं झिजत राहणारी हाडं नदीला भरवतात. पलीकडे चढलेलं एक पाडस काठाने सैरावैरा हंबरत होतं. थोड्या वेळाने एक मादी उलट्या दिशेने, एकटीच, पाण्यात शिरली आणि अलीकडे आली. पाडस पलीकडेच होतं. ती त्याची आई होती की दुसऱ्याच कुणाची, ते आम्हाला शेवटपर्यंत उमगलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी आलो तर काल गेलेल्यांतलेच वाटावेत असे शेकडो परत येत होते. रात्री अलीकडे पाऊस झाला होता. गाडीत वाद सुरू झाला की हे दुसरं क्रॉसिंग धरायचं का. नाशिकचे काका म्हणाले, अर्धं धरा. ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, नोव्हेंबरपर्यंत हे असंच चालतं, इकडून तिकडे, तिकडून इकडे, तुम्ही किती मोजणार? काकूंनी थर्मास हलवून बघितला आणि चहा कुणाकुणाला हवा ते विचारायला लागल्या.