खिडकीच्या आतली खुर्ची

सरकारी खिडकीच्या बाहेर कसे उभे राहायचे, हे आमच्या मोहल्ल्यात कुणाला शिकवावे लागत नाही. दोन फोटो, झेरॉक्सच्या तीन प्रती, मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि आतल्या माणसाने मान वर करेपर्यंत गप्प राहायचे. आमच्या घरच्या पिशवीत निकाहनामा आहे, शाळा सोडल्याचे दाखले आहेत, फाटके रेशनकार्ड आहे आणि निजामाच्या राजवटीतला एक उर्दू कागद आहे. त्यावर पणजोबांचे नाव आणि पाथरी तालुक्यातल्या एका गावाचे नाव आहे. परभणीत असे कागद बऱ्याच घरांत निघतील. खिडकीच्या आतल्या खुर्चीवर बसण्याची पाळी मात्र आमच्यापैकी फार थोड्यांवर आली. २०२४ च्या रमजानमध्ये आम्ही सगळेच तिच्यावर बसलो, तेही एका खेळामुळे.

खेळ आणला भाच्याने. तो पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो. रमजानमध्ये घरी आला तो लॅपटॉपमध्ये ‘पेपर्स, प्लीज’ घेऊन. तरावीहनंतर सहरीपर्यंत पोरे जागीच असतात, तेव्हा आमच्या बैठकीत रोज आठ-दहा जण जमू लागले. व्हिडिओ गेम म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर बंदूक घेऊन पळणारी माणसे येतात. पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने बंदी घातली, तेव्हा आमच्या घरातल्या मोठ्यांना हायसे वाटले होते. हा खेळ पाहून पोरांची पहिल्या रात्री निराशा झाली. राखाडी पडदा, एक टेबल, एक रांग आणि दोन शिक्के.

लुकास पोप या जपानात राहणाऱ्या अमेरिकी माणसाने तो एकट्याने बनवला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये बाहेर आणला. विमानतळांवर पासपोर्ट तपासणाऱ्यांचे काम पाहता पाहता त्याला ही कल्पना सुचली. २०१४ मध्ये खेळाला ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला, आणि दहा वर्षांत त्याच्या पन्नास लाखांहून अधिक प्रती खपल्या. काळ १९८२ चा. आर्स्टोट्झ्का नावाचा एक काल्पनिक देश शेजारच्या कोलेचियाशी सहा वर्षे लढून थांबला आहे आणि सरहद्द नुकतीच उघडली आहे. सोडतीत नाव निघाल्यामुळे तुम्हाला नाक्यावर तपासनिसाची नोकरी लागली आहे. माणूस खिडकीशी येतो, कागद सरकवतो. नाव, जन्मतारीख, मुदत, शिक्का, फोटो, वजन, सगळे जुळवायचे. जुळले तर हिरवा शिक्का, नाही तर लाल. माणसामागे पाच नाणी मिळतात. संध्याकाळी घरचा हिशेब समोर येतो: भाडे, अन्न, शेगडी, औषध. घरात बायको, मुलगा, सासू आणि काका. पैसे पुरले नाहीत तर आधी ते आजारी पडतात, मग मरतात. रोज सकाळी नियम बदलतात. काल चालणारा कागद आज चालत नाही.

रमजानचा चाँद दिसला त्याच दिवशी, ११ मार्चला, नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे नियम जाहीर झाले होते. कायदा डिसेंबर २०१९ चा. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला आसामची यादी लागली आणि १९,०६,६५७ माणसांची नावे तिच्यात नव्हती. तेव्हा आमच्या गल्लीतल्या लोकांनी ट्रंका उपसल्या होत्या. भाच्याने हा खेळ नेमका याच वेळी मुद्दाम आणला की सहज, हे त्याने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

पहिले दोन दिवस हसण्यात गेले. जन्मतारखा जुळवताना कुणीतरी म्हणाले, हा साहेब आपल्याकडे आला तर काय करील? बैठकीतल्या आठांपैकी चौघांची जन्मतारीख १ जून निघाली. शाळेत नाव घालताना गुरुजींनी दिलेली. अम्मीच्या नावापुढे एका कागदावर ‘बी’ आहे, दुसऱ्यावर ‘बेगम’, तिसऱ्यावर काहीच नाही. मोहम्मदचे स्पेलिंग तर एकाच घरात चार तऱ्हांचे. खेळात असा फरक दिसला की दोन्ही कागदांवर बोट ठेवून विचारणा करायची असते. आमच्याकडे असे विचारले तर माणूस फक्त “साहेब, एकच आहे ते,” एवढे म्हणतो.

सगळ्यांत तरबेज निघाला तो शेजारचा मुलगा. तो एका ऑनलाइन सेवा केंद्रावर बसतो, आधारचे आणि दाखल्यांचे फॉर्म भरतो. पडद्यावर माणूस येऊन उभा राहतो न राहतो तोच त्याचा शिक्का पडायचा. पोरे त्याला ‘तहसीलदार’ म्हणू लागली. पाचव्या दिवशी एक नवरा येतो. कागद बरोबर. जाता जाता तो सांगतो की मागून माझी बायको येते आहे, तिच्याशी दयेने वागा. बायको येते आणि तिच्याकडे परवाना नसतो. परत पाठवले तर मला मारून टाकतील, असे ती म्हणते. आमच्या तहसीलदाराने ते वाचलेसुद्धा नाही. लाल शिक्का पडला आणि भोंग्यातून पुढच्याला हाक गेली. बैठकीत एकदम “अरे!” झाले.

“कागज नै है तो नै है. मैं क्या करूं?” तो म्हणाला.

हे वाक्य आम्ही सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेले होते. आपल्याच ओट्यावर, आपल्याच पोराच्या तोंडून ते ऐकायला मिळेल असे वाटले नव्हते. बाहेरच्या देशांत या खेळाविषयी जे लिहिले गेले त्यात एक सूर वारंवार येतो. आपण इतक्या लवकर इतके आज्ञाधारक कसे झालो, याचे खेळणाऱ्यांना आश्चर्य वाटते. ज्यांनी आयुष्यात खिडकीबाहेर अर्धा दिवस काढला नाही त्यांना ते वाटणारच. आम्हाला वेगळेच काही तरी बोचले. आम्ही बाहेर इतकी वर्षे उभे राहिलो, त्यामुळे आत बसलो तर वेगळे वागू, अशी आमची समजूत होती. ती दोन तासांत गेली. उलट बाहेर उभे राहून राहून आतल्या माणसाचा सूर, मान न उचलण्याची रीत, सगळे आम्हाला पाठ झालेले होते.

अमेरिकेत ब्रेंडा रोमेरो यांनी २००९ मध्ये ‘ट्रेन’ नावाचा एक पटावरचा खेळ केला. त्याची एकच प्रत आहे. पिवळ्या सोंगट्या मालगाडीच्या डब्यांत भरून शेवटच्या स्टेशनाला न्यायच्या, आणि तिथले पान उलटले की नाव निघते आउश्विट्झ. काही जण रडले, काहींनी पुन्हा डाव मांडून सोंगट्या वाचवायचा प्रयत्न केला. तिथे खेळणाऱ्याला शेवटपर्यंत माहीत नसते. ‘पेपर्स, प्लीज’मध्ये असे काही लपवलेले नाही. काय चालले आहे ते पहिल्याच सकाळी दिसते, तरी हात चालतो.

अम्मीची प्रतिक्रिया तर आम्हाला अगदीच अनपेक्षित होती. ती जपमाळ घेऊन मागे बसायची. परवाना नसलेल्या बाईबद्दल ती काही बोलली नाही. संध्याकाळचा हिशेब आला, मुलाच्या नावापुढे ‘आजारी’ असे दिसले, तेव्हा तिने भाच्याकडून सगळे समजावून घेतले आणि म्हणाली, “पैले दवा ले. चूल्हा एक दिन नै जला तो चलता.” मग पोरांनी हात जरा भरभर चालवावा म्हणून ती मागून बोलू लागली. दिवस मावळायच्या आत आणखी दोन माणसे तपासली की औषधाचे पैसे निघतात, हे तिने बोटांवर मोजले होते. अब्बांच्या पगारात सहा माणसांचे घर चालवलेल्या बाईला तपासनिसाचे घर आधी दिसले, यात नवल नाही. पण त्या घाईतच तिघे-चौघे परत पाठवले गेले.

पुढे नाक्यावर बॉम्ब फुटतो आणि हुकूम येतो की कोलेचियाच्या प्रत्येक माणसाची झडती घ्यायची. कागद चोख असले तरी. एकाने केले म्हणून सगळ्यांवर संशय, हे बैठकीत कुणाला समजावून सांगावे लागले नाही. त्या वेळी लॅपटॉपसमोर भाची होती. ती एमपीएससीची तयारी करते. तिने बटण दाबले आणि समोरच्या बाईचा उघडा फोटो पडद्यावर आला. तिने लॅपटॉप मिटला. भाचा म्हणाला, आपा, सेटिंगमध्ये जाऊन ते झाकता येते. खरेच तशी सोय आहे. भाची म्हणाली, “फोटो झाकला जाईल. झडती तर मीच घेतली ना?” ती पुन्हा खेळायला बसली नाही. तिच्या या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

एकच माणूस सगळ्यांचा लाडका झाला. जॉर्जी कोस्टावा नावाचा म्हातारा. पहिल्यांदा येतो तो कागदांशिवाय. दुसऱ्यांदा येतो तो स्वतः काढलेला पासपोर्ट घेऊन, पोरांनी वहीत चित्र काढावे तसा, आणि देशाचे नाव कोब्रस्तान. परत पाठवले तरी रागावत नाही, पुन्हा येतो. पूर्ण रांगेत खिडकीला न घाबरणारा हा एकटाच. तो दिसला की बैठकीत शिट्ट्या पडायच्या. तहसीलमध्ये दर सोमवारी बाजाराला आल्यासारखे येणारे, शिपायाला नावाने हाक मारणारे, काम न होताही हसत जाणारे असे एक चाचा आमच्याकडेही होते. त्यांचे काम झाले की नाही, ते कुणाला आठवेना.

मामूंना आम्ही शेवटच्या आठवड्यात बोलावले. ते उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधण्यासाठी निजामकाळातली दप्तरे उघडली. तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. वर्षानुवर्षे ज्या लिपीकडे कुणी ढुंकून पाहिले नव्हते ती वाचून द्या म्हणून लोक मामूंच्या दाराशी येऊ लागले. कागद मराठा कुटुंबांचे, वाचणारे आमचे मामू. एका अक्षरावर ते भिंग धरून तासभर बसायचे. नुक्ता पुसला असेल, शाई उडाली असेल, कारकुनाने गावाचे नाव कानाने ऐकून लिहिले असेल, असे म्हणत ते त्या कागदातून माणूस शोधून काढायचे.

त्यांनी दोन दिवसांचा खेळ चष्मा पुसत पुसत पाहिला. मग म्हणाले, “काम तर तेच आहे. मीही दोन कागद शेजारी ठेवून अक्षर जुळवतो.” थोड्या वेळाने म्हणाले, “फक्त मी जुळावे म्हणून पाहतो. हा जुळू नये म्हणून पाहतो.” पोरांनी माना डोलावल्या. पण सेवा केंद्रावरच्या मुलाला ते पटले नाही. तो म्हणाला, मामू, तुमच्या दाराशी एक कागद येतो आणि तुम्हाला तासभर वेळ असतो. मला दिवसाला साठ फॉर्म. एक चुकला तर आयडी बंद होतो. त्याचेही खरे होते. तपासनिसाच्या टेबलावरचे घड्याळ आम्ही विसरलो होतो.

खेळात पुढे सरकार स्वतःच्याच नागरिकांचे पासपोर्ट जप्त करायला लावते, आणि एका संध्याकाळी तपासनिसाच्या घरच्यांचेही पासपोर्ट नेले जातात. खेळाचे वीस शेवट आहेत. एकात खोट्या कागदांवर कुटुंब घेऊन शेजारच्या ओब्रिस्तानात पळता येते. भाच्याने सत्ताविसाव्या रात्रीनंतर तो शेवट गाठला. अम्मीने विचारले, “वहां उनकू अंदर लिये क्या?” भाचा म्हणाला, खेळ तिथेच संपतो.

ईदच्या आदल्या रात्री सेवा केंद्रावरचा मुलगा पुन्हा आला आणि त्याने पाचवा दिवस नव्याने लावायला सांगितले. एवढ्या दिवसांत त्याने एक गोष्ट हेरली होती. रोजच्या पहिल्या दोन चुकांना दंड नसतो, फक्त ताकीद मिळते. तिसऱ्या चुकीपासून पैसे कापतात. म्हणजे दिवसाला दोन माणसे फुकट सोडता येतात. त्याने नवऱ्याला सोडले, बायको आली, तिचे बोलणे या वेळी वाचले आणि हिरवा शिक्का मारला. यंत्रातून ताकीदीची चिठ्ठी कर्रकर्र करीत बाहेर आली. “एक,” तो म्हणाला, आणि उरलेल्या दिवसात दुसरी कुणासाठी ठेवायची यावरून पोरांची भांडणे सुरू झाली.